मरणाऱ्याचं वाक्य

उझुमासा, क्योतो
१४ सप्टेंबर

दाजी,

ताई फोनवर म्हणाली, मी मोबाइलवर नुसतं 'हो' आणि 'बरं' लिहितो म्हणून तुम्ही चिडलाय. तेव्हा हे घ्या पत्र. सुरुवातीला ऋतुमानाबद्दल दोन ओळी लिहायची रीत आहे, ठाऊक आहे मला. उकडतंय. झालं.

नवा सिनेमा सुरू झालाय. तलवारीचा, मोठा, परदेशातही दाखवायचा. दिग्दर्शक हिनात्सु नावाची बाई आहे, तोक्योची, चाळिशीच्या आतली. तिचं म्हणणं, सामुराईंच्या सिनेमांत सगळा देश एकाच साच्यातून काढल्यासारखा दिसतो आणि त्या काळी तो तसा नव्हता. म्हणून यात उत्तरेच्या आइनू जमातीचा एक व्यापारी आहे आणि त्याचं काम आइनू माणूसच करतोय. सरदाराच्या पदरी एक काळा शिलेदार आहे. ते काम सेनेगाली बापाच्या पोराकडे. पोरगा नागोयाचा, चिलखत घालून उभा राहिला की सगळे आदराने बघतात आणि जेवायला बसला की असली अस्सल नागोयाची बोली झाडतो की लोकांचा भात नाकात जातो.

आमचे मुरासे मास्तर यावर म्हणाले, "आमच्या वेळी एकच माणूस सकाळी शेतकरी, दुपारी सामुराई आणि संध्याकाळी प्रेत असायचा. याहून जास्त विविधता काय असते?" मास्तर ऐंशीला टेकलेत. पडद्यावर कापल्या जाणाऱ्या आम्हा सगळ्यांचे ते म्होरके.

आता मुद्द्याचं. सिनेमाचा नायक कोरियन आहे. लढाईत पकडून आणलेला, तिकडच्या एका बेटावरचा मुलगा, जो पुढे इथे सामुराई होतो. ते काम मिळालंय को युन-सू नावाच्या पोराला. वय सव्वीस, ओसाकाच्या आपल्याच इकुनोचा. ताई आणि मी ज्या गल्लीत वाढलो, तिथून पलीकडच्या चौकातला. आणि जाहिरातीवर नाव कसं, तर मोठ्या अक्षरांत, को युन-सू. कोरियन नाव, दाजी, सामुराईच्या सिनेमावर! कुणी दगड मारला नाही, कुणी नाक मुरडलं नाही. उलट पेपरात कौतुक.

मी तीस वर्षं इथे यानागावा सेइजी आहे. मी मूळचा यांग, कोरियनच, हे तुम्ही, ताई आणि मी एवढ्याच तिघांना ठाऊक. स्टुडिओत कुणाला नाही. तीस वर्षं मी चिखलात, बर्फात, जिन्यावरून, पुलावरून पडून मेलोय. कुठल्याही सिनेमात एक वाक्य मिळालं नाही. आणि हा पोरगा, ज्याला कमरेला तलवार लावून दारातून आत येता येत नाही, मागच्या टोकाने दोन कंदील आणि एका बाईचा विग पाडतो, तो नायक!

त्याला तलवार शिकवायचं काम कुणाला दिलंय, ओळखा. आणि शेवटी तो ज्याला कापतो, तोही बहुधा मीच.

हे ताईला वाचून दाखवू नका.

सेइजी

*

सुसाकीच्या अलीकडे, तोसा
२१ सप्टेंबर

चि. श्यालक सेइजीराव,

'उकडतंय. झालं.' हे शरदवर्णन मी माझ्या रविवारच्या वर्गाला दाखवलं. वर्गात पाच आजीबाई आणि एक निवृत्त पोस्टमास्तर आहेत. गेली चार वर्षं ते माझ्याकडे संस्कृत मंत्रांची जुनी सिद्धम अक्षरं गिरवतात. पोस्टमास्तर म्हणाले, या माणसाला तारेची सवय दिसते.

संस्कृत नाटकांत राजाचा मेहुणा हा एक ठरलेला प्राणी असतो. भडक कपडे, चढा आवाज आणि जगाबद्दल तक्रार. मी राजा नसल्यामुळे तुझी नेमणूक इतकी वर्षं अडून होती. ती या पत्राने झाली असं समज.

तुझ्या दुखण्याचं आमच्या शास्त्रात चांगलं निदान आहे. तिथे दोन जुळी बंधनं सांगितली आहेत, ईर्ष्या आणि मात्सर्य. दुसऱ्याला मिळालं म्हणून पोटात दुखतं ती ईर्ष्या. आपल्याजवळ आहे ते दुसऱ्याला द्यायच्या कल्पनेने दुखतं ते मात्सर्य. पहिल्याची लक्षणं तुझ्या पत्रात ओळीओळीला आहेत. दुसऱ्याची अजून दिसत नाहीत, पण जुळी आहेत, एक आलं की दुसरं फार लांब नसतं. औषध मला विचारू नकोस. क्योतोला सहा वर्षं संस्कृत घासून मी या कोळ्यांच्या गावात देऊळ सांभाळायला आलो. माझ्याबरोबर शिकलेले लोक आज मोठमोठ्या खुर्च्यांवर आहेत. त्यांतल्या एकाचा नवा ग्रंथ परवा टपालाने आला. मी तो अजून फोडलेला नाही, यावरून काय ते समज.

तुमच्या सामानवाल्या खात्याकडून मला पत्र आलंय. सेनापतीच्या शिरस्त्राणावर कुठलं बीजाक्षर काढायचं, असं विचारतात. मला भरून आलं. तुझ्या मागच्या एका सिनेमात ते अक्षर उलटं होतं. देव खाली डोकं वर पाय करून लढाईला निघाले होते. ती बाजू हरली यात नवल कसलं.

कोणी कोणाचं काम करावं, याबद्दल तुमच्या हिनात्सुबाईंशी माझा वाद नाही. आमच्या गाभाऱ्यातला अचलनाथ मूळचा मगधाकडचा. काळानिळा, एक डोळा बारीक, चीन-कोरियाच्या वाटेने आलेला, हातात मात्र जपानी घाटाची तलवार. गावातले कोळी त्याला 'आमचा' म्हणतात. त्याच्याकडे आजवर कुणी रहिवासाचा दाखला मागितला नाही. पण तो लाकडाचा आहे. माणसाचं तसं नसतं, हे मला कळतं. तुझ्या ताईशी लग्न ठरलं तेव्हा माझ्या वडिलांनी कोणती अट घातली होती, ते तूही ऐकलं होतंस.

बोनितो मासे या वर्षी उशिरा आलेत. ताई तुझ्यासाठी वाळवून ठेवते आहे.

काकुजुन

*

उझुमासा
९ ऑक्टोबर

दाजी,

दोन्ही आहेत म्हणून धरा. तिसरं एखादं बंधन असेल तर तेही कळवा, संच पुरा करू.

मला वाटलं होतं पोरगा गर्विष्ठ निघेल. निघाला असता तर बरं झालं असतं. सकाळी माझ्या आधी येतो, सरावाची फरशी पुसून ठेवतो आणि म्हणतो, "यानागावा-सान, काल जिन्यावरून पडलात ते पुन्हा दाखवा ना." मी म्हटलं, "अरे, तुला पडायचं नाहीये, पाडायचंय!" तर म्हणतो, "कापलेला माणूस कसा पडतो ते कळल्याशिवाय कापायचं कसं?" तीस वर्षांत एकाही नायकाने मला हे विचारलं नव्हतं. मला दुपारचा डबा गोड लागला नाही.

आता ऐका. बाईंनी शेवट बदललाय. नायक ज्याला शेवटी मारतो तो माणूस त्याच्याच बेटावरचा निघतो. तोही पकडून आणलेला, पण त्याने नाव बदललंय, इथल्यांत मिसळून गेलाय, शत्रूच्या पदरी आहे, आणि कुणाला पत्ता नाही. मरताना त्याच्या तोंडून बेटाच्या बोलीत एकच वाक्य निघतं, "आमच्या बेटावर आता वारा सुटला असेल." तेवढं ऐकून नायकाला कळतं, आपण कुणाला मारलं.

वाचून मला वाटलं, ही बाई आमच्या घरात डोकावली की काय. तर नाही, तिला काहीच माहीत नाही. सुचलं तिला.

हे काम करायला त्यांना कोरियन बोलणारा माणूस हवाय. सोलहून नट आणणार म्हणतात. तो येईपर्यंत सरावात मी उभा राहतो, आणि वाक्याच्या जागी 'अमुक अमुक' म्हणून मरतो. अमुक अमुक! दाजी, आजी त्याच बेटावरची, आमच्याशी दुसऱ्या भाषेत कधी बोललीच नाही. ते वाक्य तिच्या बोलीत कसं होईल, तो वारा दक्षिणेचा की उत्तरेचा, हे मला झोपेतही सांगता येईल. आणि हा युन-सू चारचौघांत कोरियन नाव लावून फिरतो, पण त्याला त्या भाषेत पाणीसुद्धा मागता येत नाही. फोनवर ऐकून पाठ करतो. कुणाला नाव मिळावं आणि कुणाला बोली, हे वाटप कोण करतं हो?

आता परवाचं. पहिला टप्पा संपला म्हणून स्टुडिओमागच्या गुत्त्यात बसलो होतो. मास्तरांनी स्वतः माझ्या पेल्यात साके ओतली. मी दमलो होतो. माझा डावा हात आपोआप उजव्या मनगटाखाली गेला, आणि मी मान वळवून, तोंड आडोशाला नेऊन प्यालो. वडीलधाऱ्यांच्या समोर प्यायचं आमच्या आजोबांनी लावलेलं कोरियन वळण. इतकी वर्षं सांभाळलं आणि एका पेल्यात सांडलं. मंडळी हसली, "यानागावा नव्या नवरीसारखा पितोय बघा!" युन-सू हसला नाही.

बाहेर मी सायकलचं कुलूप काढत होतो, तर मागून आला. म्हणाला, "माझे आजोबाही असेच पितात."

"दाढ दुखते माझी," मी म्हणालो.

"आजोबांचीही दुखत असेल मग," म्हणाला, आणि वाकून नमस्कार करून गेला.

तो बोलणार नाही असं वाटतं. पण बोलला तर? तुमच्या वडिलांची अट मी दाराआडून ऐकली होती. 'सून कोरियन आहे हे यजमानांना कळता कामा नये.' यजमान घरं सोडून गेली तर देऊळ कशावर चालणार, आणि ताईने तिथे तोंड कसं दाखवायचं? माझं उघड झालं की तिचं झालंच. एवढ्यासाठी गप्प आहे. नाहीतर ते वाक्य मी त्या बाईच्या कानात जाऊन म्हटलं असतं.

सेइजी

*

तोसा
१६ ऑक्टोबर

चि. सेइजीराव,

अलंकारशास्त्रात व्याजोक्ती नावाचा एक अलंकार आहे. उघडी पडलेली गोष्ट भलतंच कारण सांगून झाकायची. नायिकेच्या अंगावर प्रियकराला पाहून काटा येतो आणि ती म्हणते, थंडी फार आहे. आम्ही हेच एक उदाहरण शतकानुशतकं शिकवतो आहोत. आता 'दाढ दुखते माझी' हे दुसरं मिळालं. पोस्टमास्तरांना फार आवडलं. (कुणाचं ते सांगितलं नाही.)

तुझ्या शेवटच्या परिच्छेदाला मी उत्तर देत नाही. तो माझ्या अधिकारातला नाही. ज्या व्यक्तीच्या तोंडाची तुला काळजी आहे, ती व्यक्ती या क्षणी स्वयंपाकघरात युझू लिंबाची साल किसते आहे. तिला विचार. फोन उचलायला तिला दोन्ही हात लागत नाहीत.

काकुजुन

*

उझुमासा
२ नोव्हेंबर

दाजी,

ताईला काय विचारायचं? विचारलं की ती म्हणणार, माझी काळजी करू नकोस. म्हणजे आणखी काळजी.

सोलचा नट आला. सभ्य माणूस आहे, त्याबद्दल तक्रार नाही. वाक्य असं म्हणतो की जणू विमानतळावर सामान सांभाळा म्हणून सांगतोय. पहिल्याच दिवशी माझ्यापुढे वाकला आणि दुभाष्याकरवी म्हणाला, "तुम्ही फार सुंदर मरता असं ऐकलं. मला शिकवाल का?" आतापर्यंत मला वाक्य नव्हतं, नाव नव्हतं, पण मरण तरी माझं होतं. आता तेही द्यायचं.

तुम्ही म्हणालात ते दुसरं जुळं आलं, दाजी.

सरदाराच्या भेटीचं दृश्य होतं. पन्नासेक माणसं दोन्ही अंगांना बसलेली. युन-सू आत येतो, बसतो, तलवार काढून शेजारी ठेवतो आणि वाकतो. एवढंच. त्याने तलवार डावीकडे ठेवली. उजवीकडे ठेवायची असते, पटकन उपसता येऊ नये म्हणून. डावीकडे ठेवली म्हणजे धन्याला 'मी तुला कापायला आलोय' असं तोंडावर सांगणं झालं. आमच्यात नुकतं दाखल झालेलं पोरसुद्धा ही चूक करत नाही. सगळा दरबार थिजला. कॅमेरा चालू असताना मास्तर ओरडले, "सलाम करायला आलास की खून करायला? कुणी शिकवलं हे तुला?"

युन-सू म्हणाला, "माझं चुकलं. लक्षात राहिलं नाही."

मी चुकीचं शिकवलं नव्हतं. शिकवायचं राहिलं होतं. कसं राहिलं, ते मला ठाऊक आहे आणि त्यालाही. आदल्या दिवशी त्याने विचारलं होतं, "बसल्यावर तलवारीचं काय करायचं?" मी म्हटलं होतं, "ठेवायची." त्याने माझ्याकडे एकदाच पाहिलं. रागाने नाही. रागाने पाहिलं असतं तर मी आज बरा असतो.

एवढ्यावर थांबलं नाही. मागच्या रांगेत आमच्यातलाच एक जण म्हणाला, "रक्तातच नाही तर येणार कुठून?" रांगभर लोक हसले.

मीही हसलो, दाजी.

सेइजी

*

तोसा
६ नोव्हेंबर

सेइजी,

मी लिहिते आहे, तुझे दाजी नव्हे. पत्र वाचून ते किती तरी वेळ चष्मा पुसत बसले. चष्मा स्वच्छ होता. म्हणून मी पत्र हातातून काढून घेतलं, आणि मग आधीचीही शोधली. पोथ्यांच्या पेटीत ठेवतात. त्यांना वाटतं मला ती जागा माहीत नाही.

ऐक आता. आई गेली त्याच्या पुढच्या वर्षी मी तिचं श्राद्ध इथे, देवळाच्या स्वयंपाकघरात मांडलं. आपल्या पद्धतीने. सासरे तेव्हा जाऊन तीन वर्षं झाली होती. पितळी भांडी घासायला बायका यायच्या होत्या दुपारी, आल्या सकाळी. दारात उभ्या. ताटं मांडलेली, फळं रचलेली. ओकाबायाशी काकू, महिला मंडळाच्या, त्यांनी विचारलं, "हे कुणाचं?" मी म्हटलं, "माझ्या आईचं. आम्ही कोरियन आहोत." तोंडातून निघूनच गेलं. मग काकू ताटाशी बसल्या. म्हणाल्या, "फळांचे माथे का कापलेत?" मी म्हटलं, "गेलेल्यांना खाता यावीत म्हणून." त्या म्हणाल्या, "बरोबर आहे. ते बिचारे सोलणार कसे?" आणि भांडी घासायला घेतली.

सगळं गोड झालं असं समजू नकोस. यजमानांपैकी दोई घराणं देऊळ सोडून गेलं. नुसतं गेलं नाही, त्यांनी आपलं थडगंही उचललं. हाडं काढताना तुझे दाजी तिथे उभे राहिले, मंत्र म्हणाले, त्यांच्या गाडीला वाकून नमस्कार केला आणि घरी येऊन दोन दिवस बोलले नाहीत. तू ओळखतोस त्यांना. दोन दिवस! बाकीचे राहिले. आता मंडळाच्या जत्रेत माझं तिखट लोणचं सगळ्यांत आधी संपतं.

तुला का सांगितलं नाही? तू लपवतोस ते पोटासाठी, असं मी धरून चालले होते. स्टुडिओत कळलं तर काम जाईल, म्हणून. मी उघड झाले हे तुला कळलं तर तुझी झोप उडेल, म्हणून गप्प बसले. यांनाही गप्प बसवलं. आणि तू म्हणतोस, मी ताईसाठी गप्प! लाज नाही वाटत? तीस वर्षं माझ्या पदराआड उभा होतास आणि मला सांगितलंही नाहीस की पदर धरलाय म्हणून.

तेव्हा आता नीट वाच. माझ्यासाठी लपायची गरज नाही. यापुढे लपायचं असेल तर स्वतःच्या जिवावर लप.

आणि त्या पोराबद्दल. तो तुझ्यासाठी शिव्या खाऊन गप्प राहिला, आणि तू हसणाऱ्यांत बसलास. मला हे पुन्हा वाचायला लावू नकोस.

मासे पाठवलेत. खा.

ताई

*

तोसा
३० नोव्हेंबर

चि. सेइजीराव,

तुझं उत्तर नाही. तुझी ताई दिवसातून दोनदा टपालाची पेटी उघडते आणि मला सांगते की आत कोळिष्टक झालंय का ते बघायला गेले होते. व्याजोक्ती आता आमच्या घरातही पसरली आहे.

मासे पोचले का, एवढं तरी कळव. 'हो' लिहिलंस तरी चालेल.

काकुजुन

*

उझुमासा
१८ डिसेंबर

दाजी, ताई,

हो. पोचले. संपले. युन-सूने निम्मे खाल्ले.

ताईचं पत्र आलं तेव्हा मला आधी राग आला. मग वाटलं, आता राग कुणावर धरायचा? इतकी वर्षं मी एका ओझ्याखाली वाकून चालत होतो आणि त्याची मला सवय झाली होती. ते उतरल्यावर पहिलं जे हाती लागलं ते भय होतं. माझं स्वतःचं. ताईने लिहिलं ते खरं आहे, एवढंच म्हणतो. जास्त लिहायला लावू नका.

मग एके सकाळी रंगपटात, विग चढवायच्या वेळी, सगळे ओळीने बसलेले असताना मी म्हणालो, "मास्तर, त्या दिवशी तलवार उजवीकडे ठेवायची हे मी त्याला सांगितलं नव्हतं. मुद्दाम."

मास्तरांनी आरशातून पाहिलं. "का?"

"हेवा वाटला."

"नायकाच्या कामाचा? या वयात?"

"नावाचा," मी म्हणालो. आणि सांगितलं. यांग सोंग-चि. स्वतःचं नाव घेताना दुसऱ्या कुणाची ओळख करून देतोय असं वाटलं. 'रक्तातच नाही' म्हणणारा माझ्या शेजारीच बसला होता. त्याने विगचा डिंक कानाला लावून घेतला.

मास्तर आरसा सोडून माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "तीस वर्षं मी यानागावा म्हणून हाक मारली आणि तू ओ दिलीस." उठले आणि गेले. तो त्यांचा राग होता की दुसरं काही, मला अजून कळलेलं नाही. दुसऱ्या दिवशी आले नाहीत. तिसऱ्याही नाही. मास्तरांची खुर्ची रिकामी मी तोवर पाहिली नव्हती.

युन-सूची मी माफी मागितली. नीट, जमिनीला डोकं टेकवून. तो इतका घाबरला की तोही माझ्यासमोर तसाच वाकला. दोघांचे विग एकमेकांना अडकले. विगवाल्या बाईने आम्हा दोघांना झापलं.

हिनात्सुबाईंना मी ते वाक्य म्हणून दाखवलं. सोलचा नट शेजारी उभा होता. तो म्हणाला, "आता असं आमच्याकडेही कुणी बोलत नाही." हसायला लागला, मग थांबला आणि त्याने टोपी काढली. काम मला मिळालं. त्याला राजदूताचं दिलं, त्यात बोलणं भरपूर आहे, तो खूश आहे. बाईंना मात्र आनंद जरा जास्तच झाला. म्हणतात, "यांग-सान, तुमची कहाणी वेगळी चित्रित करू या! लोकांनी ती बघायला हवी!" मी म्हटलं, "बाई, मी कहाणी नाही. मी प्रेत आहे. तेवढं नीट करू द्या." तरी दुसऱ्या दिवशी एक पोरगी माईक घेऊन माझ्या डब्यासमोर बसली होती.

आता शेवटाचं सांगतो.

नदीकाठ, पाणी गोठायला आलेलं, सगळ्यांच्या नाकातून वाफा. कॅमेरा लागायच्या आधी पाहिलं तर मास्तर काठावर घडीच्या खुर्चीत बसलेले, गळ्याभोवती मफलर. मी जाऊन वाकलो. ते नदीकडे बघत म्हणाले, "तुझा उजवा खांदा आधी पडतो. अजून." मग नाव घ्यायला तोंड उघडलं आणि कुठलं घ्यावं ते कळेना त्यांना. "जा," म्हणाले.

लढलो. युन-सू आता चांगला लढतो, मीच शिकवलंय. वार बसला, मी वळलो, गुडघ्यावर आलो, आणि ते वाक्य म्हणालो. आजीच्या बोलीत. काय सांगू, दाजी. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. तीस वर्षांत कॅमेऱ्यासमोर तो कधी निघालाच नव्हता. मग पडलो. आधी डावा खांदा.

युन-सूने तिथून वळून निघून जायचं होतं. तो हललाच नाही. चिखलात तोंड खुपसून पडलेलो असतानाही मला कळलं की तो हललेला नाही. बाईही थांबवेनात. मी श्वास धरून पडलोय, थंडीने कान तुटायची वेळ आलेली. अखेर बाई इतक्या हळू 'झालं' म्हणाल्या की प्रेताला दोनदा सांगावं लागलं.

मग आम्ही ते पडद्यावर पाहिलं. आता जे लिहितो ते ताईने वाचलं तरी चालेल.

कॅमेरा सगळा वेळ त्याच्यावर होता. माझी पाठ दिसते, मानेवरचा विग दिसतो आणि वाक्य ऐकू येतं. वाक्यभर पडद्यावर चेहरा त्याचा. त्या चेहऱ्यावर एकेक शब्द पोचताना दिसतो. सगळे डोळे पुसत होते. हिनात्सुबाई म्हणाल्या, "याहून चांगलं काही होऊच शकत नाही." खरं आहे, होऊ शकत नाही. उभ्या आयुष्यातलं माझं एकुलतं एक वाक्य, आणि लोक बघणार त्याचं तोंड! मी हात चोळत शेकोटीपाशी गेलो. नाव सांगून, माफी मागून, सगळं करून झाल्यावरही पोटात तसाच निखारा. तुमच्या ग्रंथांत यावर काही असेल तर राहू द्या, कळवू नका.

तो पाठोपाठ आला. चिलखत तसंच, गुडघ्यापर्यंत चिखल. म्हणाला, "ते वाक्य मला शिकवा."

"तुला कशाला? सिनेमात ते तुझं नाही."

"सिनेमासाठी नाही. माझी पणजी त्याच बेटावरची. तिने ते कसं म्हटलं असतं, ते मला बघायचंय."

मी म्हटलं, आधी कपडे बदल. ऐकेना. तिथेच बसला. मी म्हणायचो, तो म्हणायचा. सुरुवातीला शब्द नुसते रांगेत उभे केल्यासारखे. मग जरा सैल. मी म्हटलं, वारा म्हणताना तोंड उघडं ठेव, तिथे वारा तोंडात जातोच. त्याने तसं केलं. आणि एकदा, अचानक, ते वाक्य त्याच्या तोंडून असं निघालं की आजी माझ्यामागे येऊन उभी राहिली. ताई, तशीच, कमरेवर हात ठेवून. माझ्या तोंडून ते कितीदा निघालं, पण ती कधी आली नव्हती. त्या पोराच्या तोंडून आली.

जळून खाक झालो.

मग शेकोटीत एक ओंडका सारला आणि त्याला तिच्या शिव्या शिकवायला घेतल्या. त्या लांबलचक आहेत. वसंतापर्यंत पुरतील.

सेइजी
(यांग)